देवळीची घरभरणी

१

पुलगावच्या बाजारात वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून खुशाल रोज सकाळी नऊ-साडेनऊला नाचणगावात परत यायचा. चौकातल्या पानठेल्यापाशी गाडी उभी करायचा, तंबाखू मळायला घ्यायचा आणि कुणीतरी आपल्याला नवीन घराबद्दल विचारेल म्हणून थांबायचा. घर बांधून दीड महिना होत आला होता. विचारणारे कधीच संपले होते. मग तो स्वतःच विषय काढायचा. समोरचा थंडीबद्दल बोलत असला तर थंडीवरून भिंतीवर यायचा, भिंतीवरून ओसरीवर, आणि ओसरीवर पोचला की जरा थांबून, एकदम गंभीर तोंडानं म्हणायचा, “एडिक्यूल म्हणते त्याले.”

शब्द त्याच्या लेकीचा होता. आचल नागपूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घराचा नकाशा तिनंच काढला होता. ओसरीच्या भिंतीत, दाराच्या उजव्या हाताला, तिनं एक कोनाडा ठेवला. साधा कोनाडा नाही. दोन बाजूंना मनगटाएवढे खांब, वर तिकोनी कपाळपट्टी, आणि खांबांच्या मधे याच घराचं तोंड. तोच ओटा, तीच ओसरी, तेच दार, तीच खिडकी. एकास वीस. म्हणजे खऱ्या घराचे वीस फूट तिथं एका फुटात.

नकाशा पाहताना खुशालनं हे काय म्हणून विचारलं, तेव्हा आचलनं त्याला शब्द उलगडून सांगितला. मूळ लॅटिन. एडीस म्हणजे देऊळ. तोच शब्द अनेकवचनात घेतला की घर. आणि त्याला लाडानं लहान केलं की एडिक्युला, म्हणजे इवलंसं देऊळ, इवलंसं घर. रोमचे लोक घरातल्या भिंतीत असं घर करायचे आणि घराची राखण करणारे देव त्यात बसवायचे. काही जाणकार तर म्हणतात, शब्दाच्या अगदी मुळाशी देवही नाही आणि घरही नाही. नुसती चूल आहे. विस्तव जपायची जागा.

खुशालनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

“म्हंजे देवळीच ना वो,” तो म्हणाला. “देऊळ, अन् त्याचं लहान ते देवळी. दिवा ठेवाची. रोमवाल्याईनं आपलाच माल दुसऱ्या पोत्यात भरला.”

आचल हसली, पण रात्री तिनं ते वाक्य आपल्या अहवालात घातलं. पोत्याचं सोडून.

विद्यार्थ्यांनी खरोखर बांधून दाखवलेल्या कामाला नागपुरात एक बक्षीस होतं. आचलनं हे घर त्यात घातलं. तेव्हा वर्गात, सगळ्यांसमोर, एका सरांनी तिला विचारलं की भाजीवाल्याच्या घराला लॅटिन कशाला पाहिजे. ही गोष्ट तिनं बापाला फोनवर एकदाच सांगितली. त्या दिवसापासून खुशाल तो शब्द रोज म्हणायला लागला. वांगी मोजतानाही म्हणायचा. गिऱ्हाईक घाबरून घासाघीस करायचं सोडून द्यायचं.

२

भिंत नऊ इंची, देवळी सहा इंच खोल. बांधणारा प्रेमदास मिस्त्री, आणि प्रेमदास असा माणूस की नकाशावर चहाचा डाग पडला असता तर तोही त्यानं बांधला असता. त्यानं ओट्याला तीन पायऱ्या ओढल्या, खिडकीला सायकलच्या तारांचे चार गज घातले, चष्म्याच्या डबीच्या बिजागऱ्या काढून चार बोटांचं सागवानी दार बसवलं. दारामागं एक खोली. तिला आतून बोटानं घोटून प्लास्टर. त्या खोलीच्या मागं स्वयंपाकघर नाही, मोरी नाही, कारण तिथं भिंत संपत होती. आणि छोट्या ओसरीत, दाराच्या उजव्या हाताला, खिळ्याच्या टोकानं कोरलेली हरभऱ्याच्या दाण्याएवढी देवळी. नकाशात होती म्हणून.

शेजारचे लक्ष्मणराव कमरेवर हात ठेवून हे काम चार दिवस पाहत होते. पाचव्या दिवशी ते म्हणाले, खुराडं झाक झालं खुशाल, पण एवढी बारीक कोंबडी कोण्या गावाहून आणशील? खुशालला ते झोंबलं. त्यानं त्या दिवशी त्यांच्यापुढं तंबाखू धरली नाही, म्हणजे फारच झोंबलं.

घरभरणी डिसेंबरात झाली. पूजा आटोपली, महाराज उठायला लागले, तेव्हा खुशालची बायको मनकर्णा पदर खोचून पुढं आली. तिचं म्हणणं सरळ होतं. तेही घरच आहे. पोरीनं सांगितलं की शब्दाचा अर्थच घर. मग घर बांधायचं आणि त्याची वास्तू न करता तसंच ठेवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? महाराजांनी आजवर दुकानांच्या वास्तू केल्या होत्या, गोठ्यांच्या केल्या होत्या, एकदा पंपाच्या खोलीची केली होती. देवळीची कधी केली नव्हती. पण भात शिजायला अजून वेळ होता. ते परत पाटावर बसले.

सगळं रीतसर झालं. आंब्याचं एक पान कातरून त्याचं तोरण केलं. बाटलीच्या झाकणात दूध उतू घातलं. खुशाल हे सगळं अत्यंत गंभीरपणे करत होता, कारण लक्ष्मणराव पाहत होते.

संकल्पाला महाराज अडले. या घराचा यजमान कोण? राहायला कोण येणार, कुणाचं नाव घ्यायचं? मनकर्णा म्हणाली, देवाचं घ्या. महाराजांनाही तेच बरं वाटलं. पण लक्ष्मणरावांना तेवढ्यात खोकला आला, आणि तो हसण्यासारखा होता.

“देवाले सतरा घरं हाये,” खुशाल म्हणाला. “हे माह्या पोरीनं काढलं. माहं नाव घ्या.”

महाराजांनी पळीभर पाणी सोडलं आणि नाव घेतलं. अशा रीतीनं, एकाच दिवशी, खुशाल महादेवराव दुसऱ्यांदा घरात राहायला गेला.

३

रोज दिवेलागणीला मनकर्णा देवळीच्या पायऱ्यांसमोर तेलाचा दिवा ठेवायची आणि आत भाकरी टाकायला जायची. महिनाभर दिवा जळला, विझला, इतकंच झालं.

जानेवारीत एका संध्याकाळी वारा सुटला आणि दिवा गेला. खुशाल आगपेटी घेऊन ओसरीत आला. काडी ओढायच्या आधीच त्याला दिसलं की छोट्या खिडकीत उजेड आहे.

तो काही घाबरला नाही. ऑइल पेंट नवीन आहे, चमकत असेल. त्यानं ओसरीतला बल्ब बंद केला. खिडकी तशीच. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड येत असेल म्हणून त्यानं अंग आडवं घातलं. खिडकी तशीच, पिवळी, मिणमिणती. मग त्यानं तळहात खिडकीसमोर धरला. तळहातावर चार गजांच्या चार सावल्या पडल्या.

म्हणजे उजेड आतून येत होता.

खुशालनं खूप वेळ आपल्या हाताकडं पाहिलं. मग एका बोटानं दार लोटलं. दार हललं नाही. जरा जोर लावला. आत, लाकडाच्या पलीकडं, अगदी बारीक आवाज झाला. टक. दुसऱ्याच्या घरी अवेळी गेलं की आतला माणूस कडी नीट बसली का ते पाहतो, तसा.

सकाळी त्यानं प्रेमदासला बोलावून घेतलं आणि दाराला कडी कशाची लावली म्हणून विचारलं. प्रेमदासला वाटलं खुशाल थट्टा करतोय. “चार बोटाच्या दाराले कडी कोन लावते, खुशालभाऊ?” तो म्हणाला आणि त्यानं करंगळीनं दार ढकललं. उघडलं. आत काहीच नव्हतं. चार भिंती, बोटानं घोटलेल्या.

प्रेमदास आपल्या कामावर खूश होऊन गेला. खुशाल मात्र तिथंच वाकून राहिला. रस्त्याच्या कडेचं घर. पुढून दिवसभर ट्रॅक्टर जातात. ओसरीतल्या खाटेवर दोन दिवसांत बोटभर धूळ बसते. देवळीच्या खोलीत कण नव्हता. कोपऱ्यात बारीक बारीक अर्धगोल रेघा होत्या, खराट्याच्या उमटतात तशा.

त्याला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीतीच्या जरा आधी बरं वाटलं. घर स्वच्छ ठेवणारा माणूस होता.

४

तोंड धुण्याआधी तीनदा खाकरायची खुशालची सवय होती. दोन बारीक, एक मोठं. सगळ्या आळीला ते पाठ होतं. एका सकाळी तो नळापाशी उभा होता, अजून खाकरला नव्हता, आणि ओसरीतून आवाज आला. दोन बारीक, एक मोठं. डबीत कोंडलेल्या भुंग्याएवढा.

नवीन घर घुमतं, हे सगळ्यांना माहीत आहे. प्लास्टर ओलं असतं, सामान कमी असतं, आवाज फिरून परत येतो. खुशालची यानं समजूत पटली. नळाखाली डोकं धरल्यावर त्याला सुचलं की परत येणारा आवाज आधी येत नाही.

मनकर्णा म्हणाली कान दाखवून या. तो सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आला. तिथं एका पोरीनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आणि सांगितलं की काका, तुमच्या वयाला इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. खुशाल तो कागद खिशात घालून मोठ्या ऐटीत निघाला. एसटीत दोघांना दाखवला. घरच्या ओट्यावर चपला काढताना त्याच्या ध्यानात आलं की ही चांगली बातमी नव्हती.

त्यानंतर चहाचा दिवस आला. खुशाल दुपारभर शेतात वांग्याला पाणी देत होता. चारला घरी आला तर मनकर्णा गाल फुगवून बसली होती. चहा करायला लावला आणि तसाच टाकून गेले, एवढंच तिचं म्हणणं. खुशालनं सांगितलं की मी आलोच नव्हतो.

“मंग ओसरीतून कोन बोललं?” ती म्हणाली. “‘मनू, चहा ठेव’ म्हणलं. मनू मले तुमच्याशिवाय कोन म्हणते?”

कुणीच म्हणत नव्हतं. तिच्या भावांनाही ते नाव माहीत नव्हतं.

कप देवळीसमोर होता, भरलेला, वर साय धरलेली. कडेला साय थोडी सरकली होती. कपाच्या बुडापासून पायऱ्यांपर्यंत चहाचे थेंब गेले होते. मोहरीएवढे. एक पहिल्या पायरीवर, एक दुसऱ्या. तिसऱ्या पायरीवरचा पुसलेला होता.

मनकर्णानं कप उचलला, आत नेला, आणि बराच वेळ घासत बसली. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला, पण ठेवताना हात लांब करून ठेवला, चावऱ्या बैलापुढं कडबा टाकावा तसा.

५

मनकर्णाच्या सांगण्यावरून प्रेमदास परत आला. या वेळी त्याच्या घमेल्यात कालवलेला सिमेंटचा माल होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि तो एकदाही हसला नव्हता. दोन थाप्यांचं काम आहे, तो म्हणाला. बुजवून टाकू, वरून पुट्टी मारू, पोरीला सांगा ओल आली म्हणून काढावी लागली.

खुशालही तयार होता. तेवढ्यात आचलचा फोन आला.

शेवटच्या तिघांत तिचं नाव आलं होतं. रविवारी अकराला दोन परीक्षक घर पाहायला येणार, एक मॅडम आणि एक सर, ती त्यांच्याच गाडीत बसून येणार. नंबर लागला तो देवळीमुळं. पत्रात तसं लिहिलं होतं, तिनं वाचून दाखवलं: लॅटिन शब्दाला गावाच्या भिंतीत घर मिळालं. लॅटिन कशाला म्हणणाऱ्या त्या सरांनी आज वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. हे सांगताना तिचा आवाज मधेच बसला. “बाबा, देवळीले काई होऊ देजो नको,” ती म्हणाली. शहरात चार वर्षं काढल्यावरही आनंद झाला की ती घरच्या भाषेत यायची.

खुशाल म्हणाला, काही होत नाही. फोन ठेवला आणि प्रेमदासकडं पाहिलं. प्रेमदासनं थापी पुढं केली होती.

बुजवलं तर पोरीचं बक्षीस गेलं, आणि वर्गात पुन्हा तोच प्रश्न. नाही बुजवलं तर त्या खोलीत जो कोणी खाकरत होता तो खाकरत राहणार, आज चहा मागतो, उद्या काय मागेल. खुशालनं थापी घेतली. आपल्या घरातलं काम आपण करावं, एवढाच त्याचा विचार होता. थापीवर माल घेऊन तो वाकला, आणि कान दारापाशी आला.

आत कुणीतरी बोलत होतं.

थंडीबद्दल बोलत होतं. मग थंडीवरून भिंतीवर आलं. भिंतीवरून ओसरीवर. मग जरा थांबलं.

“एडिक्यूल म्हणते त्याले,” आतला बारीक आवाज म्हणाला. “माह्या पोरीनं काढलं.”

कुणीतरी ‘हूं’ केलं. ऐकणारा कंटाळलेला वाटला.

ऐकणारा कोण, हे खुशालनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथं उभं राहणं जमलं नसतं. पण त्या थांबण्यात, शब्दाच्या अलीकडच्या त्या थांबण्यात, जे होतं ते त्याला छातीत ओळखू आलं. असा थांबणारा माणूस खोटं बोलत नसतो.

त्यानं थापी घमेल्यात ठेवली.

“ज्याच्या तोंडात माह्या पोरीचं नाव हाये,” तो प्रेमदासला म्हणाला, “त्याच्या तोंडात मी माल भरू?”

प्रेमदासनं देवळीकडं पाहिलं, खुशालकडं पाहिलं, घमेलं उचललं आणि हात न धुता निघून गेला.

६

रविवारी अंगण सकाळीच सारवून झालं. मनकर्णानं पातळ नेसलं, जांभळ्या, हातभर काठाचं. लक्ष्मणराव न बोलावता येऊन खाटेवर बसले, कारण नागपूरची गाडी आपल्या डोळ्यांनी पाहायची होती. पावणेअकराला खुशालनं ठरवलं की पांढरा शर्ट घालावा. तो घरात गेला. वारा फार म्हणून दाराला कडी लावली आणि शर्ट अंगात घातला.

वरून पहिलं बटण लावताना गाडी आली. आवाज फार मोठा होता. जमीन हलली आणि छताचा चुरा त्याच्या खांद्यावर पडला. ट्रक आला की काय, खुशालला वाटलं. गाडीची दारं वाजली, एकापाठोपाठ, विहिरीत दगड पडावे तशी. माणसं बोलायला लागली. आवाज ओळखीचे होते पण जाड होते, लांब होते, ढोलात तोंड घालून बोलल्यासारखे.

“या, या,” एक आवाज म्हणाला. “बसा. घर आपलंच समजा.”

खुशालचे हात दुसऱ्या बटणावर थांबले. तो आवाज त्याचा होता.

लक्ष्मणराव नक्कल करताहेत. हे त्याला लगेच पटलं. म्हातारा लहानपणापासून नकला करायचा. तिसरं बटण. चौथं. आता पटकन मागच्या दारानं स्वयंपाकघरात जावं आणि मनकर्णाला म्हणावं की त्या म्हाताऱ्याला आवर. तो वळला.

मागं दार नव्हतं.

घाईत माणूस चुकतो. तो दुसरीकडं वळला. तिथं भिंत. तिसरीकडं खिडकी, चार गजांची. कॅलेंडर नव्हतं, पलंग नव्हता, बटणांचा बोर्ड नव्हता. त्यानं मागच्या भिंतीवर हात फिरवला. प्लास्टर चांगलं झालं होतं. पण त्यात लांब खोलगट पट्टे होते, रांगेनं, एकेक त्याच्या छातीएवढा रुंद, आणि पट्ट्यात सुतळीएवढ्या जाड गोल गोल रेघा. कुणाच्या तरी बोटाच्या ठशांसारख्या.

खुशालनं कडी काढली आणि दार जरासं उघडून बाहेर पाहिलं. ओसरी होती. ओटा होता. तीन पायऱ्या होत्या. पायऱ्यांच्या पुढं दोन खांब, कवेत न मावणारे, सरळ वर गेलेले. आणि खांबांच्या पलीकडं, जिथं अंगण आणि आभाळ असायला पाहिजे होतं, तिथं जांभळा काठ होता. नुसता काठ. तो हळूच हलला, आणि पलीकडं गेला.

खुशालनं दार लावून घेतलं.

७

दार लावल्यावर त्याचा हात कडीवर गेला. ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती. कडी लावायची, भिंतीशी बसायचं, माणसं जाईपर्यंत श्वास धरायचा. कोण्या खोलीत आलो, कधी आलो, बाहेर या-या करणारा तो कोण, याचा विचार नंतर. विचाराला काय, वेळच वेळ होता.

बाहेर आचल बोलायला लागली.

तिचे शब्द पोती टाकल्यासारखे पडत होते, एकेक, पण ते तिचेच होते. एडीस म्हणजे देऊळ. अनेकवचनात घर. लहान केलं की एडिक्युला. मग ती अडखळली. नकाशासमोर कधी अडखळत नसे, माणसांसमोर अडखळे. मग म्हणाली, “याला देवळी पहिल्यांदा माझ्या बाबांनी म्हटलं. मी फक्त काढली.”

मॅडमचा आवाज आला. हे दार उघडतं का?

“उघडते ना,” बाहेरचा खुशाल म्हणाला. “पाहा की.”

आणि खुशालला दिसलं की काय होणार. बाई बोटानं दार लोटेल, दार उघडणार नाही, बाई लिहून घेईल की दार नुसतं शोभेचं आहे, काम कच्चं आहे. पोरीची मान खाली जाईल. वर्ग. ते सर. त्याचा हात कडीवर होता आणि कडी अर्धी सरकलेली होती.

त्यानं ती मागं ओढली. पूर्ण ओढली. दोन पावलं मागं सरकला, खोलीच्या बरोबर मधे, जिथं उजेड पडेल तिथं. केसांवरून हात फिरवला. हात जोडावे का खाली सोडावे यात क्षणभर गेला. त्यानं खाली सोडले, जोडले असते तर देव वाटला असता.

दार उघडलं. उघडणारं बोट गुलाबी नेलपॉलिशचं होतं, बैलाच्या मानेएवढं. ते मागं गेलं, उजेड आला, आणि मग उजेड बंद झाला. दारभर चष्म्याची काच आली. काचेच्या मागं एक डोळा, परातीएवढा, ओला, तपकिरी. तो जरा फिरला आणि खुशालवर थांबला.

“अरे, आत माणूसही ठेवलाय,” बाई म्हणाली. तिच्या श्वासानं खुशालचा शर्ट फडफडला. वेलदोड्याचा वास आला. “काय काम आहे! शर्टाला बटणंसुद्धा आहेत. शेवटचं लावायचं राहिलंय, तेवढंही दाखवलंय.”

खुशालचा हात शिवशिवला. त्यानं तो मांडीशी घट्ट धरला.

मग आचल हळूच म्हणाली, “बाबांनी केलं असेल,” आणि तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून खुशालला रडू यायला लागलं, पण मूर्ती रडत नाही, म्हणून त्यानं ते तिथंच धरलं.

डोळ्याच्या कडेनं, काचेच्या फटीतून, एक माशी आत आली. साळुंकीएवढी होती. तिनं खोलीला दोन चकरा मारल्या, भिंती थरथरल्या, आणि ती खुशालच्या डोक्यावर बसली. सहा पाय एकेक करून केसांत रुतले. मग तिनं पुढचे दोन उचलले आणि त्याच्या कपाळासमोर, सावकाश, एकमेकांवर घासायला सुरुवात केली.

बाई अजून पाहत होती.

खुशाल हलला नाही. छाती त्यानं आधीच फुगवून ठेवली होती, ती तशीच ठेवली.